लिपी, भाषा आणि दस्तऐवज : केंब्रिजमधील अरबी कागदपत्रे

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी सांगता येतील :

१. कैरो गेनिझा म्हणजे काय आणि तेथील कागद केंब्रिजच्या ग्रंथालयात कसे पोहोचले.
२. भाषा आणि लिपी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे यहुदी-अरबीच्या उदाहरणावरून स्पष्ट करणे.
३. व्यापारी पत्रे आणि सरकारी फर्माने यांतून भाषेचा व समाजाचा इतिहास कसा वाचला जातो.
४. कोणता कागद 'मौल्यवान' ठरतो आणि कोणता दुर्लक्षित राहतो, यामागील कारणांचा विचार करणे.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण ऐतिहासिक साधनांचे प्रकार पाहिले. दस्तऐवज म्हटला की आपल्यासमोर पेशवे दफ्तराचे रुमाल, मोडी लिपीतील पत्रे, जमाखर्चाच्या वह्या उभ्या राहतात. हे कागद कोणीतरी जाणीवपूर्वक बांधून, जपून ठेवले होते. दफ्तर याचा अर्थच मुळी पुन्हा पाहण्यासाठी राखलेले कागद असा होतो.

या घटकात आपण एका वेगळ्या संग्रहाकडे वळणार आहोत. त्यातील कागद जपण्यासाठी नव्हे, तर टाकण्यासाठी एका कोठडीत गेले होते. इजिप्तमधील एका प्रार्थनामंदिराच्या या कोठडीतील कागद आज बहुतांशी इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांतील दैनंदिन व्यवहाराच्या कागदांची प्रमुख भाषा अरबी आहे. परंतु त्यांतील बहुसंख्य कागदांची लिपी अरबी नाही, हिब्रू आहे. भाषेच्या अभ्यासकाला येथूनच प्रश्न पडू लागतात. मराठीच्या विद्यार्थ्याने हा विषय का अभ्यासावा, याचे उत्तर विवेचनाच्या ओघात मिळेल.

विषय-विवेचन

१. गेनिझा : शब्द आणि प्रथा

जुन्या कैरोचा भाग असलेल्या फुस्तात या नगरात बेन एझ्रा नावाचे यहुदी प्रार्थनामंदिर आहे. ज्या लिखाणात ईश्वराचे नाव आले आहे ते फेकू नये, जाळू नये, अशी यहुदी धर्मातील रूढी आहे. असे जीर्ण लिखाण एका जागी साठवावे आणि यथावकाश दफन करावे, असा संकेत होता. या साठवणीच्या जागेला 'गेनिझा' म्हणतात.

हा शब्द हिब्रूत इराणी भाषांतून आला, असे मानले जाते. फारसी 'गंज' म्हणजे खजिना, साठा. पुण्यातील गंज पेठेच्या नावात आपल्याला हाच शब्द भेटतो. प्रेतयात्रेसाठी वापरला जाणारा 'जनाजा' हा अरबी शब्दही याच कुळाशी जोडला जातो. खजिना आणि दफन हे दोन्ही अर्थ या एका शब्दाभोवती एकत्र आले आहेत.

काळाच्या ओघात फुस्तातमधील ही रूढी अधिक व्यापक झाली. ईश्वराचे नाव असलेलाच नव्हे, तर हिब्रू अक्षरांत लिहिलेला जवळजवळ कोणताही कागद तेथे टाकला जाऊ लागला. धर्मग्रंथांच्या पानांबरोबर व्यापाऱ्यांची पत्रे, लग्नाचे करार, देण्याघेण्याचे हिशेब, मुलांनी गिरवलेली अक्षरे, औषधांच्या याद्या हे सारे एकाच कोठडीत जमले. येथे एक बाब लक्षात घ्यावी. हे सामान्य कागद वाचले ते त्यांतील मजकुराच्या महत्त्वामुळे नव्हे. ते वाचले त्यांच्या लिपीमुळे. इजिप्तच्या कोरड्या हवेने उरलेले काम केले.

२. कागदांचा केंब्रिजपर्यंतचा प्रवास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कोठडीतील पाने कैरोच्या बाजारात विकली जाऊ लागली होती. १८९६ मध्ये अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या विदुषी जुळ्या बहिणींनी पूर्वेकडील प्रवासात विकत घेतलेली काही पाने केंब्रिजमधील अध्यापक सॉलोमन शेख्टर यांना दाखवली. त्यांतील एक पान बेन सिरा या प्राचीन ग्रंथाच्या हिब्रू पाठाचे असल्याचे शेख्टर यांनी ओळखले. तोपर्यंत हा ग्रंथ प्रामुख्याने भाषांतरांतून ज्ञात होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस शेख्टर कैरोला गेले. सेंट जॉन्स कॉलेजचे प्रमुख चार्ल्स टेलर यांनी त्यांच्या प्रवासाला साहाय्य केले. कैरोतील यहुदी धर्मप्रमुखांच्या संमतीने शेख्टर यांनी कोठडीतील फार मोठा साठा केंब्रिजला आणला. १८९८ मध्ये तो विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देण्यात आला. टेलर-शेख्टर संग्रह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साठ्यात सुमारे १,९३,००० तुकडे आहेत. उरलेले तुकडे ऑक्सफर्ड, सेंट पीटर्सबर्ग, न्यूयॉर्क, जेरुसलेम इत्यादी ठिकाणी विखुरले आहेत. (आपल्याकडे वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेही १८९८ याच वर्षी.)

शेख्टर यांचा शोध मुख्यतः धार्मिक व साहित्यिक ग्रंथांचा होता. त्यामुळे ज्या तुकड्यांना ग्रंथमूल्य नाही असे वाटले, ते पेट्यांमध्ये तसेच राहिले. अशा ३२ पेट्या ग्रंथालयात अर्धशतकाहून अधिक काळ पडून होत्या. १९५० च्या दशकाच्या मध्यास श्लोमो डोव्ह गोइटाइन या संशोधकांचे लक्ष त्यांकडे गेले आणि त्यांतून 'नवी मालिका' या नावाने ओळखला जाणारा मोठा विभाग निर्माण झाला. गोइटाइन यांना धर्मग्रंथ नको होते. त्यांना हवी होती भाकरीची किंमत, जहाजाचे भाडे, नवऱ्याने परदेशी गेल्यावर घरखर्चाला पैसे न पाठवल्याची तक्रार. या सामग्रीवर आधारलेला त्यांचा भूमध्यसागरी समाजाविषयीचा बृहद्ग्रंथ १९६७ पासून खंडशः प्रसिद्ध झाला.

संग्रह तोच होता; प्रश्न बदलला तेव्हा त्यातील 'कचरा' साधन झाला.

३. यहुदी-अरबी : एक भाषा, दुसरी लिपी

दहाव्या ते तेराव्या शतकातील इजिप्तमधील यहुदी लोक घरात, बाजारात, न्यायालयात अरबी बोलत. लहानपणी शाळेत मात्र ते धर्मग्रंथ वाचण्यासाठी हिब्रू अक्षरे शिकत. त्यामुळे आपली बोलती भाषा लिहिण्याची वेळ आली की हातून सवयीची अक्षरे उमटत. अशा रीतीने हिब्रू लिपीत लिहिलेल्या अरबीला 'यहुदी-अरबी' म्हणतात.

येथे लेखनाची एक अडचण होती. अरबीत २८ व्यंजने, तर हिब्रूत २२ अक्षरे. उरलेल्या ध्वनींसाठी लेखकांनी हिब्रू अक्षरावर टिंब देण्याची पद्धत स्वीकारली. अरबी 'खा'साठी हिब्रू 'काफ'वर टिंब, 'दाद'साठी 'त्सादे'वर टिंब, अशी ही योजना होती. फारसी-अरबी शब्दांतील ध्वनी दाखवण्यासाठी हिंदीत देवनागरी अक्षराखाली नुक्ता देतात, त्याच्याशी ही रीत ताडून पाहावी. दैनंदिन पत्रांत लेखक ही टिंबे वारंवार गाळतात; संदर्भावरून वाचक समजून घेईल, अशी त्यांची अपेक्षा असते. मोडी वाचताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आपल्याला संदर्भानेच लावावा लागतो, हा अनुभव अनेकांना असेल.

'अक्षर बदलले म्हणजे भाषा बदलली' हा समज किती चुकीचा आहे, हे यावरून दिसते. मराठीचाच दाखला घ्यायचा तर फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. म्हणून ते मराठीबाहेरचे ठरत नाही. मोडीत लिहिलेले पत्र आणि देवनागरीत लिहिलेली पोथी या दोन्हींची भाषा मराठीच. लिपी आपल्याला लेखकाच्या शिक्षणाविषयी, समाजाविषयी, लेखनाच्या प्रयोजनाविषयी सांगते. भाषा कोणती, हे मात्र ती ठरवत नाही.

याचा व्यवहारातील परिणाम पत्रांच्या पत्त्यांवर दिसतो. आतील मजकूर हिब्रू अक्षरांत असला तरी बाहेरील पत्ता अनेकदा अरबी अक्षरांतही लिहिलेला असतो, कारण पत्र नेणाऱ्याला तो वाचता यायला हवा. एका घडी घातलेल्या कागदावर दोन लिपी, दोन वाचक आणि एकच भाषा असते.

४. 'मध्यम अरबी' आणि अतिशुद्धी

या पत्रांची अरबी ही कुराणाची अभिजात अरबी नव्हे आणि निव्वळ बोलीही नव्हे. ती या दोहोंच्या मधली आहे. अभ्यासक तिला 'मध्यम अरबी' म्हणतात. जोशुआ ब्लाउ यांनी तिचे व्याकरण सविस्तर मांडले. या अभ्यासातील एक संकल्पना आपल्याला विशेष उपयोगी आहे, ती म्हणजे अतिशुद्धी.

अभिजात अरबीत भूतकाळाचा नकार दाखवण्यासाठी 'लम' हे अव्यय वापरतात आणि त्यापुढे क्रियापदाचे वर्तमानाशी जुळणारे एक विशिष्ट रूप येते. बोलीत त्याऐवजी 'मा' वापरतात. पत्र लिहिणाऱ्या व्यापाऱ्याला 'लम' हा शब्द सुसंस्कृत वाटतो, म्हणून तो वापरतो. पण त्यापुढे बोलीप्रमाणे भूतकाळी रूप घालतो. शुद्ध लिहिण्याच्या प्रयत्नातून असे रूप तयार होते, जे अभिजात भाषेतही नाही आणि बोलीतही नाही.

असेच आपल्याकडेही घडते. बोलीत 'पानी' म्हणणारा माणूस प्रमाण भाषेत बोलू लागला की 'ण'च्या धास्तीने 'मन'लाही 'मण' म्हणून जातो. ऐकणारे हसतात. भाषाभ्यासकाने मात्र हसू नये. ही चूक बोलणाऱ्याच्या अज्ञानापेक्षा त्याच्या प्रयत्नाची साक्ष देते. ज्या ठिकाणी लेखक अडखळतो, त्या ठिकाणी त्याची खरी बोली डोकावते. शुद्ध लिहिणाऱ्या पंडिताच्या ग्रंथातून बाराव्या शतकातील फुस्तातची बोली कळत नाही. घाईत लिहिणाऱ्या मसाल्याच्या व्यापाऱ्याच्या पत्रातून कळते.

५. हिंदी महासागराची पत्रे

गेनिझातील एक मोठा पत्रसमूह भारताशी चाललेल्या व्यापाराचा आहे. गोइटाइन यांनी आरंभलेले आणि मॉर्दखाय फ्रीडमन यांनी पूर्ण केलेले त्याचे इंग्रजी संपादन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. या पत्रांतील सर्वांत परिचित व्यक्ती म्हणजे अब्राहम बेन यिजू. तो मूळचा आजच्या ट्युनिशियातील महदिया या बंदराचा. एडनमार्गे तो मलबार किनाऱ्यावर आला आणि मंगळूर येथे त्याचे बरीच वर्षे वास्तव्य होते. तेथे त्याने पितळी भांड्यांचा कारखाना चालवला. मिरी, सुपारी, लोखंड यांचा व्यापार केला.

एडनमधील त्याचे सहकारी त्याला पत्राबरोबर कागद भेट म्हणून पाठवत. किनाऱ्यावर त्या प्रकारचा कागद दुर्मिळ होता. म्हणूनच बेन यिजू आलेल्या पत्रांच्या कोऱ्या जागेत आपले हिशेब, मसुदे आणि कविताही लिहून ठेवी. समुद्रप्रवास बेभरवशाचा असल्याने महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांतून पाठवल्या जात.

आता या पत्रांतील काही शब्द पाहा :

– फूफल : सुपारी. हा अरबी शब्द भारतीय भाषांतून फारसीमार्गे गेला, संस्कृत 'पूगफल'. कोकणातील 'पोफळ' आणि 'पोफळी' ही त्याची सख्खी भावंडे.
– फिलफिल : मिरी. मूळ संस्कृत 'पिप्पली', मराठीत 'पिंपळी'.
– बहार : मिरी, लोखंड इत्यादी मोजण्याचे मोठे वजन. मूळ संस्कृत 'भार'.
– नाखुदा : जहाजाचा धनी किंवा प्रमुख. मूळ फारसी. कोळी समाजातील 'नाखवा' तो हाच.
– वकील : प्रतिनिधी. एडनमध्ये 'व्यापाऱ्यांचा वकील' हे एक पद होते. पेशवाईतील वकीलही न्यायालयात भांडणारा नव्हे, तर दुसऱ्या दरबारी असलेला प्रतिनिधी होता.
– हिसाब : मराठी 'हिशेब'.

यांतील पहिले तीन शब्द भारतातून अरबीत गेले, तर शेवटचे तीन अरबी-फारसीतून मराठीत आले. मध्ययुगीन मराठीत अरबी शब्द राज्यकारभाराच्या द्वारा, फारसीच्या माध्यमातून आले, असे आपण नेहमी शिकतो आणि ते बहुतांशी खरे आहे. परंतु दख्खनमध्ये सुलतानशाही स्थिरावण्याच्या कितीतरी आधी पश्चिम किनाऱ्याचा अरबीभाषक जगाशी संबंध होता. अल्-मसूदी हा अरब लेखक दहाव्या शतकाच्या आरंभी चौलला येऊन गेला. अरबी ग्रंथांत चौलचे नाव 'सैमूर' असे येते. राज्यकारभाराबरोबर बंदर हीदेखील शब्दांची वाट असते, हे या यादीवरून ध्यानात घ्यावे.

पत्रांत भारतीय व्यापाऱ्यांची आणि जहाजमालकांची नावेही येतात. 'फतन स्वामी' हे एक नाव पाहा. अरबीत 'प' नसल्याने त्याचा 'फ' झाला. मूळ पदवी 'पट्टणस्वामी', म्हणजे व्यापारी नगराचा प्रमुख. ध्वनिपरिवर्तनाचा नियम माहीत असल्यावाचून असे नाव उलगडत नाही.

६. पत्रांतील मौन

१७ ऑक्टोबर ११३२ रोजी बेन यिजूने मंगळूर येथे आशू नावाच्या एका भारतीय दासीला मुक्त केल्याचे पत्र उपलब्ध आहे. ती पुढे त्याची पत्नी झाली, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. तिच्या भावाचा उल्लेखही कागदांत सापडतो. बेन यिजूचा एक भारतीय दास व्यापारी प्रतिनिधी म्हणून एडनला जात असे. त्याचे नाव हिब्रू अक्षरांत ब, म आणि अ एवढ्याच खुणांनी लिहिलेले आहे. स्वर लिहिलेले नसल्याने ते वाचायचे कसे, हा प्रश्न होता. हे नाव 'बोम्मा' असावे, असा निष्कर्ष लेखक अमिताव घोष यांनी तुळुनाडूतील नामपरंपरेच्या आधारे काढला. त्यांचे १९९२ मधील 'इन अ‍ॅन अँटिक लँड' हे पुस्तक याच शोधावर आधारलेले आहे.

११४९ मध्ये बेन यिजू मुलांसह एडनला परतला. सिसिलीच्या नॉर्मन राजाने महदिया जिंकल्याचे त्याला समजले होते. आपले भाऊबहीण कोठे आहेत, याची चौकशी करणारे, त्यांना आपल्याकडे बोलावणारे आणि आपल्या मुलीचे लग्न त्यांच्यापैकी एखाद्याच्या मुलाशी करण्याची इच्छा व्यक्त करणारे त्याचे पत्र उपलब्ध आहे. ११५६ मध्ये ते लग्न भावाच्या मुलाशी झाले. या पत्रव्यवहारात मुलांच्या आईविषयी काही वाचायला मिळत नाही.

आशूच्या हातचे एकही पत्र नाही. बोम्माचेही नाही. दस्तऐवज वाचताना त्यात काय लिहिले आहे याबरोबर कोणी लिहिले नाही, हेही विचारले पाहिजे.

७. कागदाची दुसरी बाजू : फातिमी फर्माने

इजिप्तवर ९६९ ते ११७१ या काळात फातिमी खलिफांचे राज्य होते. त्यांच्या कचेरीतील फर्माने कागदाचे ताव एकाला एक चिकटवून केलेल्या लांबलचक गुंडाळीवर, अरबी लिपीत, दोन ओळींमध्ये भरपूर मोकळी जागा सोडून लिहिली जात. ही मोकळी जागा शासनाच्या ऐश्वर्याची खूण होती. जुनी झालेली फर्माने पुढे कापली जाऊन पुनर्वापरासाठी बाहेर पडत. यहुदी लेखनिकांनी त्यांची मोकळी जागा आणि कोरी पाठ हिब्रू मजकुरासाठी वापरली. त्या हिब्रू मजकुरामुळे हे तुकडे गेनिझात गेले आणि टिकले.

अनेक दशके अभ्यासकांनी या तुकड्यांची हिब्रू बाजू वाचली. मागे दिसणाऱ्या अरबीच्या दोन-तीन भव्य पण तुटक ओळी बाजूला पडत. जेफ्री खान यांनी १९९३ मध्ये केंब्रिजमधील अरबी विधिविषयक व प्रशासकीय कागदांचे संपादन केले. मरिना रुस्तो यांनी २०२० मधील आपल्या ग्रंथात या फर्मानांचा सविस्तर अभ्यास मांडला. मध्ययुगीन मुस्लिम राज्यांनी दफ्तरे राखली नाहीत, असा एक समज रूढ होता. कारण त्यांची दफ्तरे आज उरलेली नाहीत. रुस्तो यांचे प्रतिपादन असे की, दफ्तर उरले नाही याचा अर्थ ते नव्हते असा होत नाही. एवढे कागद विशिष्ट नमुन्यानुसार लिहिले गेले, त्यांवर अधिकाऱ्यांच्या नोंदणीच्या खुणा आहेत, यावरून कागदांची सुव्यवस्थित यंत्रणा अस्तित्वात होती, हेच सिद्ध होते.

खलिफाकडे केलेल्या अर्जांचाही ठरलेला साचा होता. वर अर्जदाराचे नाव 'दास अमुक' असे. मग ईश्वराचे नाव, खलिफासाठी आशीर्वचने, भूमीचे चुंबन घेतल्याचा उल्लेख, त्यानंतर हकीकत, मागणी आणि समाप्ती. आपल्या ऐतिहासिक पत्रांतील मायना, मजकूर आणि शेवटची विनंती यांच्याशी या रचनेची तुलना करून पाहावी. साचा ओळखता आला की अर्धा फाटलेला कागदही कोणत्या जागचा आहे हे सांगता येते.

८. कागद कोणाचे ?

शेख्टर यांनी कागद संमतीने नेले, ही एक बाजू. त्या काळी इजिप्त ब्रिटिशांच्या ताब्यात होते आणि अशा परिस्थितीतील संमती कितपत मुक्त असते, ही दुसरी. बाजारात एकेक पान विकले जात असताना साठा एकत्र राहिला, हे नाकारता येत नाही. आणि इजिप्तमधील वाचकापासून त्याच्याच भूमीचा इतिहास दूर गेला, हेही नाकारता येत नाही. आज केंब्रिजच्या डिजिटल ग्रंथालयात या तुकड्यांची छायाचित्रे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यामुळे अंतर कमी झाले आहे. मात्र तुकड्याला क्रमांक कोणी दिला, वर्णन कोणत्या भाषेत लिहिले आणि कोणती बाजू 'पुढची' ठरवली, हे निर्णय परक्या ग्रंथालयातच झाले आहेत. वाचकाने त्या निर्णयांचेही वाचन करावयाचे असते.

समारोप

लिपीमुळे जपला गेलेला, भाषेमुळे उलगडणारा आणि प्रश्नानुसार मोल बदलणारा असा हा संग्रह आहे. बत्तीस पेट्यांतील कागद पन्नास वर्षे तेच होते. ते वाचण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या काळातील मोडी कागद, सावकाराच्या पावत्या, पोस्टकार्डे असतील. 'यात काही नाही' असे म्हणून ती रद्दीत घालण्यापूर्वी या पेट्या आठवाव्यात.

पारिभाषिक शब्द

गेनिझा : जीर्ण लिखाण साठवण्याची जागा.
यहुदी-अरबी : हिब्रू लिपीत लिहिलेली अरबी.
मध्यम अरबी : अभिजात अरबी व बोली यांच्या मिश्रणातून झालेले लेखनरूप.
अतिशुद्धी : शुद्ध बोलण्या-लिहिण्याच्या प्रयत्नातून निर्माण होणारे चुकीचे रूप.

सरावासाठी स्वाध्याय

१. 'गेनिझातील सामान्य कागद मजकुरामुळे नव्हे, लिपीमुळे वाचले.' हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. अतिशुद्धीची संकल्पना सांगून आपल्या परिसरातील बोलीतून तिची दोन उदाहरणे द्या.
३. अरबी-फारसीतून मराठीत आलेले आणि भारतीय भाषांतून अरबीत गेलेले शब्द यांविषयी टीप लिहा.
४. टेलर-शेख्टर संग्रह केंब्रिजला जाणे योग्य होते का ? दोन्ही बाजू मांडून आपले मत द्या.

क्षेत्रीय कार्य

आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या घरातील पन्नास वर्षांपूर्वीचा कोणताही एक हस्तलिखित कागद मिळवा. त्याची लिपी, भाषा, साचा, दोन्ही बाजूंवरील मजकूर, आणि त्यात ज्यांचा उल्लेख आहे पण ज्यांनी स्वतः काही लिहिलेले नाही अशा व्यक्ती यांची नोंद करा. कागद मालकाला परत द्या आणि नोंद अभ्यासकेंद्रातील संमंत्रकांना दाखवा.